आठ जीबीच्या लॅपटॉपवर किती राऊटर मावतात?

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, लॅपटॉपचा पंखा कालपासून थांबतच नाहीये. उडायचा एखाद्या दिवशी."

भाचा पुण्यात सदाशिव पेठेत तिघांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहतो आणि सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी डेक्कनला क्लास लावलाय. क्लासमधल्या कुणा सीनियरने त्याला सांगितलं, पॅकेट ट्रेसर हे पोराटोरांचं खेळणं आहे, खरं शिकायचं तर ईव्ह-एनजी टाक. ही दोन्ही लॅपटॉपवरच राऊटर उभे करून सराव करायची सॉफ्टवेअरं; राऊटर म्हणजे एका नेटवर्कातला डेटा दुसऱ्या नेटवर्कात पोचवणारी पेटी. याने टाकलं. एक दिवस डाउनलोडमध्ये गेला, दुसरा बायोसमधल्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या, सेटिंगशी झटापट करण्यात, तिसरा टेलिग्रामवर राऊटरच्या फायली हुडकण्यात. चौथ्या दिवशी दोन राऊटर चालू झाले, तिसरा लावला आणि विंडोज जागच्या जागी गोठलं. चार दिवसांत त्याने राऊटरवर मारलेल्या कमांडा मोजल्या तर दोन हातांची बोटं पुरतात.

मी हिंजवडीत एका कंपनीच्या नॉकमध्ये काम करते. नॉक म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी खोली. दर वर्षी नवी पोरं येतात आणि चहाच्या टपरीवर हाच वाद रंगतो: सरावाला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यातलं एकच वापरलेलं असतं.

परीक्षा नेमकं काय मागते?

सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगमधली पायाभूत परीक्षा. १९९८ साली सुरू झाली, सध्याचा पेपर २००-३०१ या क्रमांकाचा. तो फेब्रुवारी २०२० मध्ये आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची १.१ ही थोडी सुधारलेली आवृत्ती लागू झाली. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. म्हणजे नापास झालात तर पुण्यातलं कित्येक महिन्यांचं कॉटचं भाडं पाण्यात.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत. सर्वांत मोठा, २५ टक्क्यांचा, एका नेटवर्कातून दुसऱ्या नेटवर्कात माल कसा पोचतो याचा. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विच (एकाच नेटवर्कातली यंत्रं जोडणारी पेटी) आणि वायरलेस मिळून २० टक्के, सुरक्षा १५ टक्के, उरलेले दोन भाग दहा-दहा टक्क्यांचे. पर्याय निवडायचे प्रश्न असतातच, पण काही प्रश्नांत समोर राऊटर-स्विचची खिडकी उघडते आणि प्रत्यक्ष कमांड देऊन काम करून दाखवावं लागतं. सरावाची लॅब लागते ती इथे. पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस त्या काळ्या खिडकीसमोर बसला की त्याची बोटं अडतात.

लॅब म्हणजे काही राऊटर, काही स्विच, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि दोन-चार संगणक. हे सगळं विकत न घेता लॅपटॉपवर उभं करायचं असेल तर दोन वाटा आहेत. त्यांतला फरक कळला की बाकीचा गोंधळ बराचसा मिटतो.

मिमिक्रीवाला आणि भाडेकरू

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मिमिक्री करणारा येतो. एखाद्या पुढाऱ्याची अशी नक्कल करतो की डोळे मिटले तर तोच बोलतोय असं वाटावं. पण त्याची वीस-पंचवीस वाक्यं बसवलेली असतात. समोरून कुणी विचारलं, "साहेब, आमच्या वॉर्डातल्या पाण्याचं काय?" तर तो हसून वेळ मारून नेतो, कारण ते वाक्य त्याच्या पाठात नाही. सिम्युलेटर तसा असतो. राऊटरचं खरं सॉफ्टवेअर त्यात नसतं. अमुक कमांड दिली की तमुक उत्तर दाखवायचं, असं कुणीतरी बसवून दिलेलं असतं. पॅकेट ट्रेसर हा असा मिमिक्रीवाला, आणि आपल्या कामात फार तरबेज.

दुसरी वाट एम्युलेटरची. इथे राऊटरचं खरंखुरं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर भाडेकरू म्हणून येऊन राहतं. त्याच्याभोवती असं काही घर उभं केलेलं असतं की आपण लोखंडी पेटीतच आहोत अशी त्याची समजूत होते. काहीही विचारा, तो स्वतःच्या डोक्याने उत्तर देतो. जीएनएस३, ईव्ह-एनजी आणि सिस्कोचं स्वतःचं सीएमएल, म्हणजे मॉडेलिंग लॅब्ज, ही अशी घरं. मात्र खरा भाडेकरू म्हटला की त्याला खोली लागते, वीज लागते आणि करारनामा लागतो. भाच्याचा लॅपटॉप खोलीपाशीच अडला होता.

पहिले दोन-तीन महिने पॅकेट ट्रेसरच

माझं मत सरळ आहे: सीसीएनएची सुरुवात पॅकेट ट्रेसरवर करा. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की ते फुकट मिळतं, आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर वीस उपकरणं मांडली तरी कुरकुरत नाही. पण मी ते सुचवते ते फुकट आहे म्हणून नव्हे. त्यात अशी एक गोष्ट दिसते जी खऱ्या राऊटरवर कधीच दिसणार नाही.

त्या रविवारी मी भाच्याच्या खोलीवर गेले. त्याला म्हटलं, दोन संगणक, मध्ये एक राऊटर, एवढंच मांड. त्याने मांडलं. मग राऊटरवरून एका संगणकाला पिंग करायला सांगितलं. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक. सिस्कोचा राऊटर पाच हाका मारतो आणि प्रत्येकीचा निकाल एका चिन्हाने दाखवतो: उत्तर आलं तर उद्गारचिन्ह, नाही आलं तर टिंब. पडद्यावर एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं उमटली. खाली लिहून आलं, यश ८० टक्के.

"मावशी, काहीतरी चुकलंय. पहिलं गेलंच नाही."

चुकलं काहीच नव्हतं. मी त्याला कोपऱ्यातलं सिम्युलेशन मोडचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून करायला लावलं. या मोडमध्ये प्रत्येक संदेश छोट्या रंगीत पाकिटासारखा दिसतो आणि एकेक पाऊल पुढे सरकवता येतो. मग दिसलं की पिंगच्या आधी एक वेगळ्याच रंगाचं पाकीट निघालं. पूर्वी पेठेतल्या वाड्यात पोस्टमन यायचा तेव्हा चौकात उभा राहून ओरडायचा, "जोशी कोण? कुठल्या खोलीत?" सगळे बिऱ्हाडकरू ऐकायचे, बोलायचे एकटे जोशी. राऊटरचंही तसंच. आयपी पत्ता त्याच्या हातात असतो, पण त्या पत्त्याचं यंत्र नेमकं कोणतं हे ठाऊक नसतं. म्हणून आधी सगळ्यांना विचारायचं. या विचारपूशीला एआरपी म्हणतात. ती चालू असताना पहिली हाक टाकून दिली जाते. उरलेल्या चार नीट पोचतात, कारण तोवर खोली सापडलेली असते.

लगेच पुन्हा पिंग केलं तर पाचही उद्गारचिन्हं. भाचा म्हणाला, "म्हणजे आता त्याला जोशी माहितीयेत." एआरपीची व्याख्या त्याला क्लासमध्ये पाठ झाली होती. कळली ती इथे.

आणखी एक सोय. अभ्यासक्रमात वायरलेस कंट्रोलरचं, म्हणजे वाय-फायच्या सगळ्या पेट्या एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्राचं, पान ब्राउझरमध्ये उघडून वाय-फाय लावणं येतं. पॅकेट ट्रेसरमध्ये कंट्रोलर आणि अॅक्सेस पॉइंट, म्हणजे त्या पेट्या, तयार असतात. मोठ्या एम्युलेटरवर हेच करायचं म्हणजे डोक्याला ताप.

मिमिक्री उघडी पडते तेव्हा

नवशिक्याला सर्वांत छळणारं काय? तुम्ही कमांड देता, खाली एक छोटं छप्पर उगवतं आणि शेजारी 'इनव्हॅलिड इनपुट' लिहून येतं. छप्पर दाखवतं की इथवर ठीक होतं, पुढे बिघडलं. खऱ्या राऊटरवर याचा अर्थ बहुधा सरळ असतो, तुमचं काहीतरी चुकलं. पॅकेट ट्रेसरमध्ये अर्थ दोन: तुमचं चुकलं, किंवा ही कमांड त्याच्या पाठातच नाही. यांतलं खरं कोणतं हे ज्याला येत नाही त्याला कळायचं कसं? बिचारा अर्धा तास स्वतःचं स्पेलिंग तपासत बसतो.

यावर एक साधा उपाय आहे. कमांडच्या पुढे प्रश्नचिन्ह टाका. पुढे कोणकोणते शब्द चालतील त्याची यादी येते. तुमचा शब्द पुस्तकात आहे पण यादीत नाही, तर दोष बहुधा मिमिक्रीवाल्याचा, पुढे चला. भाच्याने असल्या कमांडांची एक वही केलीय. नंतर खऱ्या भाडेकरूकडे बघायच्या गोष्टींची तीच यादी झाली.

दुसरी खोट म्हणजे टक्केवारी. पॅकेट ट्रेसरमध्ये तयार सराव-फायली मिळतात आणि काम होईल तसे गुण वाढत जातात. सूचना वाचत टाइप करत गेलं की १०० टक्के होतात, त्याला समज लागतेच असं नाही. भाच्याने मला मोठ्या ऐटीत १०० टक्के दाखवले. मी एका इंटरफेसचा, म्हणजे तार लावायच्या तोंडाचा, मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारा आकडा) बदलला आणि म्हटलं, आता नीट कर. तो सूचनांचं पान शोधायला लागला.

रिकामं घर फुकट, भाडेकरू कुठून आणायचा?

जीएनएस३ मुक्तस्रोत आहे, ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्तीही फुकट. तिच्या एका लॅबमध्ये ६३ उपकरणांपर्यंत मांडता येतात, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पुढे. मग अडचण काय? ही दोन्ही रिकामी घरं आहेत. राऊटरचं सॉफ्टवेअर, ज्याला इमेज म्हणतात, ते त्यात येत नाही. सिस्कोच्या इमेजवर सिस्कोचा हक्क आहे आणि परवान्याशिवाय ती वापरणं बेकायदा आहे. टेलिग्रामवर सापडते ती इमेज कुणी, कशात काय मिसळून ठेवलीय देव जाणे. सगळेच करतात हे मलाही माहीत आहे. पण ज्या क्षेत्रात तुम्हाला लोकांची नेटवर्कं सुरक्षित ठेवायची आहेत तिथे पहिलं पाऊल असं नको, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. ती का, ते पुढे येईलच.

सिस्कोचा हट्ट नसेल तर या घरांत फुकट आणि रीतसर भाडेकरू बरेच मिळतात. एफआरआर आणि व्हायओएस आहेत, नोकियाचा एसआर लिनक्स आहे. मायक्रोटिकचा सीएचआर बिनपैशात चालतो, फक्त प्रत्येक इंटरफेसच्या वेगाला १ एमबीपीएसची वेसण असते. सरावाला तेवढी पुरते. छोट्या केबल-इंटरनेटवाल्यांकडे नोकरी करायची असेल तर मायक्रोटिक हाताखालून गेलेला बराच. फक्त कमांडा वेगळ्या, म्हणून सीसीएनएच्या तोंडावर नको.

भाच्याच्या पंख्याचं कोडंही इथलंच. जीएनएस३ मधले जुने राऊटर डायनॅमिप्स नावाच्या प्रोग्रॅमवर चालतात. खरा राऊटर रिकामा असतानासुद्धा सारखा विचारत असतो, "काही काम आहे? काही काम आहे?" लोखंडी पेटीत ते चालून जातं, त्याच्या प्रोसेसरला दुसरं कामच नसतं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र तो प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खाऊन टाकतो. यासाठी 'आयडल-पीसी' नावाचा एक आकडा ठरवून द्यावा लागतो. तो दिला की डायनॅमिप्सला ही रिकामी बडबड ओळखता येते आणि पंखा शांत होतो. भाच्याने ईव्ह-एनजीत डायनॅमिप्सचीच जुनी इमेज टाकली होती, आकड्याचं नावही त्याने ऐकलं नव्हतं.

पाच उपकरणांचं फुकट घर

सीएमएल हे सिस्कोचंच आहे, म्हणून भाडेकरू आणि करारनामा दोन्ही सोबत येतात. २० उपकरणांच्या वैयक्तिक परवान्याला वर्षाला १९९ डॉलर पडतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला हे सांगण्यात अर्थ नव्हता. पण आता त्याची फुकट आवृत्तीही मिळते. तिच्यात एका वेळी पाच उपकरणं चालतात. साधे, बिनसेटिंगचे स्विच या पाचांत मोजले जात नाहीत.

"पाचच?" हा पहिला आक्षेप. सीसीएनएच्या बहुतेक गोष्टी तीन राऊटर आणि दोन स्विचमध्ये बसतात. मोठी टोपोलॉजी, म्हणजे उपकरणांची मांडणी, बघायला छान दिसते, पण बिघाड शोधायला तीन राऊटर पुष्कळ झाले. उलट कमी उपकरणं असली की चूक लपायला जागा उरत नाही.

खरा भाडेकरू काय देतो ते एका उदाहरणात सांगते. ओएसपीएफ ही राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत. शेजारचे दोन राऊटर दर १० सेकंदांनी एकमेकांना 'हॅलो' म्हणतात, ४० सेकंद हॅलो आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात. हे आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, नाहीतर मैत्री जुळत नाही. मी भाच्याच्या एका राऊटरवर हॅलो १० वरून ५ केलं. त्यासरशी राऊटरने दुसरा, 'डेड'चा आकडा आपणहून हॅलोच्या चौपट, म्हणजे २० केला. शेजारी गायब. पिंग मात्र नीट जात होतं, त्यामुळे भाचा चक्रावला.

मग त्याला ओएसपीएफच्या हॅलोचा डीबग, म्हणजे आत काय चाललंय ते ओळीओळीने दाखवणारी सोय, लावायला सांगितलं. दर दहा सेकंदांनी एक ओळ यायला लागली: हॅलोचे तपशील जुळत नाहीत, डेड आर ४० सी २०, हॅलो आर १० सी ५. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. "आर म्हणजे राऊटर?" नाही. आर म्हणजे रिसीव्ह्ड, समोरून आलेलं. सी म्हणजे कॉन्फिगर्ड, आपल्याकडे लावलेलं. समोरचा १० म्हणतोय, आपण ५. दोष कुठल्या बाजूला आहे हे ती एक ओळ सांगते. रात्रपाळीत अशा ओळी वाचता येणं हीच आमची अर्धी नोकरी आहे. (चालू नेटवर्कवर मात्र विचारल्याशिवाय डीबग लावायचा नाही. गर्दीच्या राऊटरला त्याचाच भार होतो.)

रॅमचा हिशोब

विंडोज आणि ब्राउझरची दहा पानं चार-पाच जीबी सहज खातात. सीएमएलला त्याच्या आभासी यंत्रासाठीच, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकासाठीच, ८ जीबी द्यावी लागते. म्हणजे लॅपटॉप १६ जीबीचा हवा आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे असं यंत्र चालवू देणारी सोय, चालू हवं. आभासी यंत्र चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून फुकट झालंय, तेवढा एक खर्च वाचला. अॅपलच्या नव्या एम-मालिकेच्या चिपच्या मॅकवर सीएमएल चालत नाही, तिथे पॅकेट ट्रेसरवरच भागवावं लागतं.

लॅपटॉप आठ जीबीचा असेल तर आधी रॅम वाढवता येते का बघा. नसेल वाढत तर पॅकेट ट्रेसरवर थांबा आणि परीक्षा द्या. कर्ज काढून लॅपटॉप घेण्याइतकं हे अडत नाही.

"पण तापकीर गल्लीत जुना स्विच स्वस्तात मिळतो"

मिळतो. आणि एकदा तरी खरा स्विच हाताळावा या मताची मी आहे. निळी कन्सोल केबल कुठे लागते, वीज दिल्यावर दिवे कोणत्या क्रमाने रंग बदलतात, पासवर्ड विसरल्यावर पुढचं मोड बटण दाबून ठेवत वीज कशी द्यायची, हे पडद्यावर अंगवळणी पडत नाही. पण यासाठी एक शनिवार पुरतो. क्लासमध्ये खऱ्या उपकरणांचा रॅक असेल तर सरांच्या मागे लागून तेवढं करून घ्या.

विकत घेणाऱ्यांची गत मी पाहिलीय. आमच्या ऑफिसातल्या एकाने भंगारातून दोन स्विच आणि एक राऊटर आणला. पंख्यांचा आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी येऊन विचारलं, पिठाची गिरणी टाकली का. महिन्याभरात सगळं कपाटावर गेलं. पुन्हा प्रत्येक टोपोलॉजीला तारा बदला, जुनं सेटिंग पुसा. सॉफ्टवेअरमध्ये तेच काम दोन मिनिटांत होतं.

"मुलाखतीत पॅकेट ट्रेसर म्हटलं की हसतात"

मी मुलाखती घेते. हसत नाही. कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकलात हे मी विचारतही नाही. मी कागदावर दोन स्विच आणि एक राऊटर काढते आणि विचारते, या संगणकाला त्याच्यापर्यंत पोचता येत नाहीये, पहिली कमांड कोणती माराल आणि का? ज्याने पॅकेट ट्रेसरमध्ये शंभर वेळा स्वतःच्या हाताने बिघडवून नीट केलंय तो लगेच बोलायला लागतो. ज्याने ईव्ह-एनजीवर तीस उपकरणांची देखणी टोपोलॉजी उतरवून तिचे स्क्रीनशॉट काढलेत तो बऱ्याचदा गप्प बसतो. डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालेलाही इथेच गप्प होतो.

सीसीएनपीकडे, म्हणजे सिस्कोच्या पुढच्या पायरीच्या परीक्षेकडे, जायचं असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे पॅकेट ट्रेसर पुरत नाही, मोठा एम्युलेटर आणि जास्त रॅम दोन्ही लागतात. पण तोवर बहुधा पगार सुरू झालेला असतो.

भाच्याचं आता कसं चाललंय

ईव्ह-एनजी काढून टाकलंय. लॅपटॉपला आणखी आठ जीबी रॅम बसवली, पैसे माझ्या बहिणीचे. नवीन विषय पॅकेट ट्रेसरमध्ये, आणि वहीतल्या अडलेल्या कमांडा शनिवारी सीएमएलवर.

बिघडवायचं काम त्याने रूम पार्टनरला दिलंय. तो एमपीएससीचा अभ्यास करतो, नेटवर्किंगचं त्याला ओ की ठो कळत नाही. आणि तेच बरं. भाचा मेसला जेवायला गेला की पार्टनर लॅबमधला कुठलाही एक आकडा बदलतो आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. आल्यावर भाचा शोधतो. आधी तासभर लागायचा, आता वीस मिनिटांत सापडतं.

परवा मात्र पाऊण तास झाला तरी सापडेना. शेवटी वैतागून चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कोरी होती, पार्टनर त्या दिवशी विसरलाच होता. पण त्या पाऊण तासात दुसऱ्या राऊटरवर भाच्याला एक चुकीचा राऊट, म्हणजे डेटाला दिलेला रस्ता, सापडला. तो पंधरा दिवसांपूर्वी त्याने स्वतःच टाकलेला होता.